पश्चिमेतलं बुद्धाचं आकर्षण आणि कॅथलिक चर्च: आक्षेप नेमका कशाला?

ओहोटी (धागाकर्ता)

योगाच्या धाग्यावर "चर्चचा ध्यानाला विरोध आहे" आणि "व्हॅटिकनने बौद्ध धर्म केव्हाच मान्य केलाय" अशी दोन विधानं पाठोपाठ आली. दोन्ही अर्धीच खरी आहेत, म्हणून हा वेगळा धागा. आधी कागदोपत्री काय आहे ते मांडतो.

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 'नोस्त्रा एताते' हे निवेदन २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत केलं. त्यात बौद्ध धर्माच्या वाट्याला एकच वाक्य आलंय, पण ते तोलूनमापून लिहिलेलं आहे. आशय असा: हे बदलतं जग मुळातच अपुरं आहे हे बौद्ध धर्म ओळखतो आणि स्वतःच्या प्रयत्नाने किंवा वरून मिळणाऱ्या साहाय्याने मुक्ती वा परम बोधी गाठण्याचा मार्ग शिकवतो. पुढे म्हटलंय की या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. आता, 'नाकारत नाही' म्हणजे 'सगळं सारखंच आहे' असं नव्हे. पहिला गोंधळ इथेच होतो.

दुसरा कागद १५ ऑक्टोबर १९८९ चा, बिशपांना उद्देशून लिहिलेलं ख्रिस्ती ध्यानावरचं पत्र. सही कार्डिनल रात्झिंगर यांची, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे. तारीख आविलाच्या संत तेरेजाच्या सणाची आहे आणि ती मुद्दाम निवडलेली दिसते. झेन (जपानी बौद्ध ध्यानपंथ), भावातीत ध्यान आणि योग यांची नावं तळटीपेत येतात. "चर्चने ध्यानावर बंदी घातली" असं सांगताना याच पत्राकडे बोट दाखवलं जातं. पत्रात बंदी कुठेही नाही.

मग १९९४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांचं प्रश्नोत्तरांचं पुस्तक आलं, त्यात बुद्धावर एक प्रकरण आहे. आणि १९९७ ची रात्झिंगर यांची फ्रेंच साप्ताहिकातली मुलाखत, जिच्यातले दोन शब्द जगभर गाजले. त्यांवर बोलूच.

---

खडीसाखर

चांगला धागा. चर्चा भरकटण्याआधी आकडे देतो. प्यू या संशोधन संस्थेच्या पाहणीत अमेरिकेतल्या प्रौढांमध्ये बौद्धांचं प्रमाण २००७ साली ०.७ टक्के होतं आणि २०१४ सालीही ०.७ टक्केच. त्याच सात वर्षांत कॅथलिक २३.९ वरून २०.८ टक्क्यांवर आले. २०१४ च्या पाहणीत एक माणूस कॅथलिक झाला तर साडेसहा माणसं बाहेर पडलेली होती.

म्हणजे चर्चमधून निघालेले लोक विहारात जाऊन बसलेत असं चित्र नाही. साधारण निम्मे जण कुठेच गेलेले नाहीत. बौद्ध 'धर्म' फारसा पसरला नाही, पसरल्या त्या बौद्ध 'पद्धती': श्वासावर लक्ष, उशी, घंटा, अॅप. चर्चची अडचण त्यामुळे वेगळी आहे. धर्मांतर केलेला माणूस निदान सांगून जातो. इथे माणूस रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) येतो, सोमवारी झाझेनला (झेनच्या बैठकीला) बसतो, आणि या दोन्हींचं एकमेकांशी काय नातं आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

---

तिसरी घंटा

खडीसाखर, +१. रात्झिंगर यांच्या १९९७ च्या वाक्याचाही रोख तोच आहे. 'आध्यात्मिक आत्मरती' असे शब्द त्यांनी वापरले आणि गदारोळ झाला. पण अख्खं वाक्य वाचलं तर ते म्हणतात की बौद्ध धर्म भुरळ घालतो कारण कोणतंही ठोस धार्मिक बंधन न घेता अनंताला स्पर्श करण्याची सोय म्हणून तो *भासतो*. 'आहे' नव्हे, 'भासतो'. टीका युरोपियन ग्राहकावर आहे. थेरवादी भिक्खूला २२७ नियम असतात, त्याला कोण बंधनमुक्त म्हणेल?

तरीही शब्द वाईटच निवडले होते. त्यांची बाजू घेत नाही.

जॉन पॉल यांच्या प्रकरणाचं मात्र तसं नाही. तिथे खरी वैचारिक चूक आहे असं माझं मत. बौद्ध तारणविचार जवळजवळ पूर्णपणे नकारात्मक आहे, असं ते म्हणतात: जग हेच दुःखाचं मूळ, म्हणून जगापासून सुटका, आणि देवाशी मीलन त्यात नाहीच. त्यावर त्यांचं ठाम वाक्य असं की बुद्धाचं चिंतन जिथे संपतं तिथे कार्मेल या कॅथलिक मठवासी परंपरेची साधना सुरू होते. त्याच परंपरेतल्या क्रूसभक्त संत योहान यांच्यावर त्यांनी डॉक्टरेट केली होती, त्यामुळे तुलना तिकडे वळली हे समजू शकतं. पण दुसरं आर्यसत्य जग हे दुःखाचं मूळ आहे असं सांगत नाही, तृष्णा आहे असं सांगतं. आपल्याकडे शाळकरी मुलालाही हे पाठ असतं.

परिणाम लगेच दिसला. जानेवारी १९९५ मध्ये पोप श्रीलंकेत गेले तेव्हा तिथल्या प्रमुख बौद्ध भिक्खूंनी सर्वधर्मीय भेटीवर बहिष्कार टाकला.

---

सांकवाळचा वारा

त्याच दौऱ्यातली दुसरी गोष्ट गोव्याची आहे. २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबोत पोपनी जोसेफ वाझ यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. बाणावलीत १६५१ साली जन्मलेला हा गोंयकार धर्मगुरू १६८७ मध्ये वेश बदलून सिलोनमध्ये (श्रीलंकेत) उतरला, कारण किनाऱ्यावर डचांची सत्ता होती आणि त्या कॅल्व्हिनपंथीय प्रोटेस्टंटांनी कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव केला होता. आतल्या भागातल्या कँडीच्या राज्यात त्यांना पोर्तुगीज हेर समजून आधी कैद झाली. नंतर त्याच कँडीच्या बौद्ध राजाने, दुसऱ्या विमलधर्मसूर्याने, त्यांना आसरा आणि मोकळीक दिली. १६९७ च्या देवीच्या साथीत त्यांनी तिथे रुग्णसेवा केली आणि १७११ मध्ये कँडीतच त्यांचा मृत्यू झाला.

म्हणजे ख्रिस्ती सत्तेने हाकललेल्या कॅथलिक धर्मगुरूला बौद्ध राजाने सांभाळलं, आणि त्याच्याच सन्मानसोहळ्याच्या दौऱ्यात बौद्धांचा बहिष्कार. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाझ यांना संत घोषित केलं. त्या दिवशी कार्यक्रमात नसताना ते कोलंबोतल्या महाबोधी विहारात जाऊन आले. वीस वर्षांत सूर बदलला, सिद्धान्त नाही.

---

ओहोटी

तिसरी घंटा, तुमच्या मुद्द्यात एक भर. 'स्वतःच्या प्रयत्नाने *किंवा वरून मिळणाऱ्या साहाय्याने*' हे १९६५ चे शब्द पुन्हा पाहा. दुसरा भाग अमिताभ बुद्धाच्या सुखावती पंथाला लागू पडतो, कारण तिथे तारण अमिताभाच्या संकल्पावर सोपवलेलं असतं. फ्रेंच येशूसंघीय (जेझुइट) आंरी द ल्युबाक यांनी १९५१ ते १९५५ मध्ये बौद्ध धर्मावर तीन पुस्तकं लिहिली, त्यातलं तिसरं याच विषयावर आहे. 'बौद्ध म्हणजे स्वबळ, ख्रिस्ती म्हणजे कृपा' ही सोपी फोड त्यांनी तेव्हाच अवघड करून ठेवली होती. १९९४ चं प्रकरण त्या मानाने मागे गेलेलं वाटतं.

---

चिमणीचं घरटं

तुमचं सिद्धान्ताचं चालू द्या. बसायचं कसं आणि कुठे अडतं ते कोणी सांगेल का? १९८९ चं पत्र व्यवहारात कसं लावायचं?

---

उंबरठा

सांगतो. परिच्छेद १२, १६ आणि २८ एवढे जवळ ठेवले तरी काम भागतं.

१६ मध्ये परवानगी आहे: या पद्धती केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून झटकून टाकू नयेत. उपयोगी ते घ्यावं, पण ख्रिस्ती प्रार्थनेची कल्पना, तिचं तर्कशास्त्र आणि तिच्या अटी झाकोळल्या जाता कामा नयेत. १२ मध्ये पायऱ्या आहेत: कोणी या पद्धती फक्त शरीर-मनाच्या तयारीसाठी वापरतं, कोणी पुढे जातं, आणि कोणी बौद्ध विचारातल्या निराकार, निर्विकल्प तत्त्वाला थेट ख्रिस्तात प्रकटलेल्या देवाच्या बरोबरीला बसवतं. शेवटच्या पायरीवर पत्राचा स्पष्ट आक्षेप आहे. २८ मध्ये सर्वांत कामाचा इशारा आहे: काही शारीरिक क्रियांनी शांत, प्रसन्न वाटतं, कधी उजेड आणि ऊब जाणवते. हे आपोआप होतं. त्याला पवित्र आत्म्याचं सांत्वन समजणं चूक. आणि माणसाचं वागणं तसंच राहून तो त्या अनुभवाला गूढानुभव मानू लागला, तर मानसिक बिघाडापर्यंत मजल जाऊ शकते.

प्रत्यक्षात बसण्याचे तीन प्रकार कॅथलिकांत रुळलेत.

*झेनची बैठक.* भिंतीकडे तोंड, पाठ सरळ, डोळे अर्धे उघडे, श्वास १ ते १० मोजायचा आणि चुकलं की पुन्हा १ पासून. साधारण २५ मिनिटं बसणं, मग ५ मिनिटं सावकाश चालणं. इथपर्यंत १६ व्या परिच्छेदाला काही अडत नाही. अडचण कोआनपाशी, म्हणजे गुरूने दिलेल्या तर्कापलीकडच्या कोड्यापाशी, येते. 'मू' ('नाही') या कोआनवर काम करणारा साधक गुरूला एकांतात भेटून उत्तर देतो आणि गुरू ते पारखतो. ती पारख ज्या दर्शनातून होते तिथे 'मी आणि तू' हे अंतरच गळून पडायचं असतं. १९८९ चं पत्र प्रार्थनेला सुरुवातीपासून संवाद म्हणतं, आणि संवादाला दोघं लागतात.

*केंद्रगामी प्रार्थना.* १९७० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सरच्या ट्रॅपिस्ट मठात मेनिंगर, पेनिंग्टन आणि कीटिंग यांनी ती घडवली. एक छोटा पवित्र शब्द निवडायचा, डोळे मिटून तो मनात आणायचा, विचारात गुंतलो असं लक्षात आलं की अलगद शब्दाकडे परतायचं, शेवटी दोनेक मिनिटं तसंच बसायचं. २० मिनिटं, दिवसातून दोनदा. लोक नेहमी चुकतात ते इथे: शब्दाचा सतत जप करतात. तो मंत्र नव्हे, देवाच्या सान्निध्याला दिलेल्या संमतीची खूण आहे. गुंतलो तेव्हाच आणायचा. दुसरी चूक म्हणजे रिकामं मन हेच ध्येय धरणं. चर्चच्या १९९२ च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात क्रमांक २७२६ नेमका याच समजावर बोट ठेवतो.

*जॉन मेन यांची पद्धत.* इथे मात्र जपच आहे. 'मारानाथा' हा शब्द चार सारख्या अक्षरांत तोडून अखंड म्हणायचा, सकाळ-संध्याकाळ २० ते ३० मिनिटं. मेन यांना ही वाट मलायात एका हिंदू स्वामींकडून मिळाली. ते बेनेडिक्टाइन मठवासी झाल्यावर तीच गोष्ट त्यांना चौथ्या-पाचव्या शतकातल्या वाळवंटी साधूंच्या शिकवणीत सापडली.

---

सांकवाळचा वारा

आणि घरचा खजिना कोणी उघडतच नाही! येशूसंघाचे संस्थापक लोयोलाच्या इग्नाशियस यांच्या 'आध्यात्मिक साधना'मध्ये प्रार्थनेची तिसरी रीत दिलीय: प्रत्येक श्वासाबरोबर 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'चा एकेक शब्द, आणि दोन श्वासांमधल्या अवकाशात त्या शब्दाच्या अर्थावर मन. सोळाव्या शतकातली गोष्ट आहे. धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ती शिकवलीच जात नाही, मग 'श्वास म्हणजे बौद्ध' असं वाटणारच. पश्चिमेतल्या आकर्षणामागे हे मोठं कारण आहे: चिंतनाची परंपरा मठांच्या भिंतींआड राहिली आणि बाकीच्यांना नियम आणि वर्गणीची थाळी.

---

खडीसाखर

थाळीबद्दल टाळ्या. :)

माइंडफुलनेसचं कोणीच काढलं नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला कार्यक्रम ८ आठवड्यांचा असतो: आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, घरी रोज ४५ मिनिटं, मध्ये एक पूर्ण दिवस मौन. पहिल्याच वर्गात एक बेदाणा निरखून, हुंगून, सावकाश चावायला लावतात. यात शरण जाणं नाही, पाली नाही. वैद्यकीय उपचार म्हणून कॅथलिकाने घ्यायला सरसकट मनाई नाही.

टीका वेगळ्या अंगाने होते. सम्यक स्मृती हे आठ अंगांपैकी एक, ते शीलापासून तोडलं की उरतं ते नुसतं लक्ष. लक्ष नेमबाजालाही लागतं. गंमत म्हणजे ही तक्रार बौद्ध अभ्यासकांचीही आहे, कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना शांत ठेवायला ध्यान वापरलं म्हणून. कॅथलिक पर्याय हवा तर इग्नाशियसचंच आत्मपरीक्षण आहे: आभार, प्रकाशाची याचना, दिवसाचा तासातासाने आढावा, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. तिथे निरीक्षणाला निवाडा आणि क्षमा जोडलेली आहे. 'कोणताही निवाडा न करता पाहा' याच्या अगदी उलट.

---

पाणवठा

मराठी वाचकांसाठी एक खुलासा गरजेचा वाटतो. आपल्याकडे 'बौद्ध' म्हटलं की १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, २२ प्रतिज्ञा. तिथे धम्म म्हणजे समता, सामाजिक मुक्ती, ध्यान नंतर. पश्चिमेतला बौद्ध बहुतांशी मध्यमवर्गीय, जातिप्रश्नाशी संबंध नसलेला, ध्यानातून आलेला. वर दिलेले १९८९ पासूनचे कागद मुख्यतः त्या दुसऱ्याला समोर ठेवून लिहिलेत. नवयानाला, म्हणजे बाबासाहेबांच्या बौद्ध धम्माला, त्यातला 'जगापासून पळ' हा आक्षेप लावायला गेलात तर तो लागूच होत नाही. दोन्हींना जोडणारा एक दुवा आहे: इंग्लंडचे भिक्खू संघरक्षित. बाबासाहेबांशी त्यांचा परिचय होता, १९६७ मध्ये लंडनला त्यांनी पाश्चात्यांसाठी संघ काढला आणि त्याच संघाचं काम १९७० च्या दशकाअखेरीस पुण्यात धर्मांतरितांमध्ये सुरू झालं.

अवांतर: कॅथलिकांनी बुद्धाला नकळत शतकानुशतकं संत मानलं होतं. बुद्धाची कथा ख्रिस्ती संतकथा बनून पसरली, तिच्यातला 'बोधिसत्त्व' हा शब्द अरबी, जॉर्जियन, ग्रीक असा फिरत 'योसाफात' झाला आणि बार्लाम-योसाफात यांचा स्मरणदिन २७ नोव्हेंबरला रोमच्या संतसूचीत बसला. गोव्यात राहणारा पोर्तुगीज बखरकार दियोगो दो कोउतो याच्या लक्षात सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हे साम्य आलं होतं. कान्हेरीच्या लेण्यांबद्दल स्थानिकांकडून ऐकलेली राजपुत्राची कथा त्याने नोंदवलीय.

---

चिमणीचं घरटं

लेण्यांवरून आठवलं. विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिराला कॅथलिकाने जावं का? इगतपुरीला परदेशी कॅथलिकही बरेच येतात.

---

उंबरठा

तिथे तीन ठिकाणी अडतं, आणि तिन्हींचा उलगडा नाव नोंदवण्याआधी करावा.

पहिलं, शिबिराच्या आचारसंहितेनुसार त्या काळात इतर सर्व प्रार्थना, जप आणि विधी थांबवायचे असतात. जपमाळही बाहेर. केंद्राचं कारण शुद्ध तांत्रिक आहे: दोन पद्धती मिसळल्या तर परिणाम कळत नाही आणि साधकाला त्रासही होऊ शकतो. कॅथलिकाच्या बाजूने मात्र हा दहा दिवस प्रार्थना न करण्याचा शब्द आहे. दुसरं, सुरुवातीला पालीत त्रिशरण म्हणतात. विपश्यनेचे आचार्य गोयंका यांचं स्पष्टीकरण असं की शरण व्यक्तीला नसून बोधीच्या गुणांना आहे. ते प्रामाणिक आहे, पण 'शरण' हा शब्द कॅथलिक प्रार्थनेत कोणासाठी वापरतात हे ज्याचं त्याने पाहावं. तिसरं, रविवार: त्या दिवशीची मिस्सा कॅथलिकाला बंधनकारक असते.

आणि चौथं, ज्याचा धर्माशी संबंध नाही: रोज दहा तासांच्या आसपास बैठक असते. गंभीर मानसिक आजार असणाऱ्यांनी येऊ नये असं केंद्रंच सांगतात. अर्जात लपवू नये.

---

तिसरी घंटा

रेषा प्रत्यक्षात कुठे ओढली गेली ते माणसांवरून जास्त कळतं.

ह्यूगो लासाल, जर्मन येशूसंघीय, १९२९ पासून जपानमध्ये. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचले, तिथलं शांतिस्मारक कॅथेड्रल उभं केलं, यामादा कोउन यांच्याकडे झेन शिकले आणि युरोपभर कॅथलिकांना शिकवलं. १९९० मध्ये वारले ते येशूसंघीय धर्मगुरू म्हणूनच. विलिगिस येगर, जर्मन बेनेडिक्टाइन, त्याच यामादांचे शिष्य. त्यांना २००२ मध्ये रोमच्या आदेशाने व्याख्यानं आणि लेखन थांबवायला सांगितलं गेलं. दोघांची बैठक एकच होती. फरक एवढाच की येगर यांच्या मांडणीत देव 'व्यक्ती' आहे हे दुय्यम झालं आणि अनुभव सिद्धान्ताच्या वर गेला.

तिसरं नाव आपलं. अँथनी डिमेलो, मुंबईत १९३१ मध्ये जन्म, लोणावळ्याची 'साधना' संस्था, अमेरिका-युरोपात तुडुंब भरणारी शिबिरं, १९८७ मध्ये न्यूयॉर्कला मृत्यू. २४ जून १९९८ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, रोमने सूचनापत्र काढलं. सुरुवातीच्या लिखाणात बौद्ध आणि ताओ प्रभाव आहे, पण तो ख्रिस्ती चौकटीत बसतो असं त्यात म्हटलंय. नंतरच्या लिखाणात देव 'व्यक्ती' राहिला नाही आणि येशू अनेक गुरूंपैकी एक होत गेला, त्यावर आक्षेप. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, आणि त्यातली काही पुस्तकं टिपणांवरून नंतर छापलेली होती. ही पद्धत मला पटत नाही. पण निकष येगर यांच्या वेळचाच आहे: श्वास, आसन, मौन यांवर कोणाचीही चौकशी झाली नाही.

---

ओहोटी

म्हणूनच झेन केंद्रात 'जुकाई' (व्रतं घेण्याचा विधी) घेणं आणि नुसतं बसणं यांत फरक करावा. जुकाईत तीन शरणं, तीन शुद्ध संकल्प आणि दहा शीलं अशी सोळा व्रतं जाहीरपणे घेतात, गळ्यात रकुसू (चिवराचं छोटं रूप) येतो, नवं नाव मिळतं. तो सरळसरळ दीक्षाविधी आहे. बैठकीला जुकाईची अट नसते. काही केंद्रांत ओघाओघात विचारतात, तेव्हा नम्रपणे नाही म्हणावं. तिथले लोक ते समजून घेतात.

---

चिमणीचं घरटं

उंबरठा, रविवारचं राहिलं. शनिवार संध्याकाळची मिस्सा (ती रविवारचीच धरतात) करून जाता येणार नाही का?

---

उंबरठा

नाही. शिबिर बुधवारी सुरू झालं असं धरा. गुरुवार हा पहिला दिवस, शनिवार तिसरा, रविवार चौथा. दोन्ही आतच. त्यात चौथ्या दिवशीच आनापान (श्वासाचं निरीक्षण) संपून विपश्यना शिकवतात, तेव्हा बाहेर सोडण्याचा प्रश्नच नाही. पुढच्या रविवारी सकाळीच सुटका होते, तो वाचतो. मधल्या एका रविवारसाठी धर्मसंहितेचा नियम १२४५ आहे: योग्य कारण असेल तर आपल्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू त्या दिवसापुरती सूट देऊ शकतात किंवा त्याऐवजी दुसरं सत्कृत्य सांगू शकतात. पण मागायचं आधी. परत आल्यावर पापनिवेदनात सांगणं म्हणजे सूट नव्हे.